लाल डब्यातले चाळीस पीस

अकोल्याच्या त्या कारखान्यात मला बसायला जी खोली दिली होती तिला खिडकी नव्हती. म्हणजे होती, पण काचेला काळा रंग फासून वर जाड पडदा टाकलेली, कारण माझ्या मशीनला बाहेरचा उजेड चालत नसे. मशीन म्हणजे माणसाएवढी लोखंडी पेटी आणि तिच्या तोंडाशी घासलेल्या काचेचा मोठा गोल पडदा. खालच्या काचेच्या पाटावर पितळेचा एवढासा तुकडा ठेवायचा, खालून दिवा लावायचा, की त्याची सावली कितीतरी पट मोठी होऊन पडद्यावर उभी राही. मग चाक फिरवून पडद्यावरची रेघ सावलीच्या एका कडेला टेकवायची, आकडा वाचायचा, दुसऱ्या कडेला टेकवायची, पुन्हा वाचायचा. दोन आकड्यांमधलं अंतर हेच माप. वस्तूला पट्टी लावायची नाही की चिमटा लावायचा नाही. शेठनी ते मशीन पुण्याहून जुनं आणलं होतं आणि ते त्याला मोठ्या मानाने प्रोजेक्टर म्हणत. कामगार त्याला सिनेमा म्हणत, आणि मला सिनेमावाली बाई. वलगावात माझी आई शेजारणींना सांगे, "पोरगी अकोल्याले सावल्या मोजते." त्यावर शेजारणी काय बोलत असतील ते आईने मला कधी सांगितलं नाही.

आमच्या घरात एकटं असणं ही गोष्टच नव्हती. आम्ही फुलं पिकवणारी माणसं. झेंडू, शेवंती, गलांडा, आणि विहिरीजवळच्या तुकड्यात थोडा मोगरा. उजाडायच्या आत आई, दोन काकू आणि आम्ही चुलत बहिणी ओळीने वाकून तोडणी करायचो, आणि सूर्य वर येईपर्यंत बाबा ओली पोती बांधून अमरावतीच्या बाजाराला निघालेले असत. मागे राहिलेल्या फुलांचे हार ओट्यावर बसून व्हायचे. दोरा दातांनी तोडल्याचा कट् असा आवाज, कुणाची तरी सासरची गोष्ट, आत तव्यावर थापलेली भाकर, आंबाडीच्या भाजीला दिलेली लसणाची फोडणी, हे सगळं एकाच वेळी चाले. हार किती लांब झाला ते आई हातावर मापायची. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, अशी चार मापं झाली की, "झाला, तोड." तिचे दोन हार शेजारी धरले तर बोटभरही फरक नसे. मी अमरावतीच्या आयटीआयला गेले तेव्हा वर्गात तीस पोरं आणि मी. मापं घेण्यात माझा हात बसला हे तिथल्या सरांनी हेरलं आणि अकोल्याच्या शेठना माझं नाव कळवलं. बाबा एवढंच म्हणाले, "जा, पन दर शनवारी फोन कर."

अकोल्यात एका म्हाताऱ्या काकूंच्या घरावरची खोली मिळाली. पत्र्याची, एका कोपऱ्यात स्टो, एका कोपऱ्यात पाण्याची बादली. एका माणसाचा स्वयंपाक कसा करतात ते मला माहीतच नव्हतं. सवयीने पीठ जास्त मळलं जाई आणि सकाळची शिळी भाकर दोन दिवस पुरे. शनिवारी मी बूथवरून वलगावच्या किराणा दुकानात फोन करायची. दुकानदार आईला बोलवायला कुणाला तरी पिटाळी आणि फोन तसाच काउंटरवर ठेवून देई. आई येईपर्यंत मी कान लावून ऐकत राहायची. तराजूचं पारडं आदळल्याचा आवाज, कुणी चहापत्ती मागतंय, कुणाची शेळी ओरडतेय, सायकलची घंटी. आई आली की आम्ही दोघी "बरं हाय ना, जेवली ना" एवढंच बोलायचो. खरं सांगायचं तर मला आईच्या बोलण्यापेक्षा तिच्या येण्याआधीची ती पाच मिनिटं जास्त हवी असत. आता पुतणी मला फोनच्या पडद्यावर अख्खं घर फिरवून दाखवते, ओट्यापासून विहिरीपर्यंत. तरी ते आवाज काही त्यात येत नाहीत.

कारखान्यात फवारणी पंपाची पितळी नोझलं बनत. कापसावर फवारणी करताना ज्या टोकातून औषध उडतं ते टोक. त्याच्या मधून आरपार एक बारीक भोक, दीड मिलिमीटरचं. भोक लहान झालं तर फवारा कोंडतो, मोठं झालं तर थेंब जाड पडतात आणि औषध वाया जातं. त्यामुळे पंपाच्या कंपनीने अट घातली होती की भोकाचं माप उजेडावर घेतलेलं पाहिजे आणि दीडच्या खालीवर दोन शतांशापेक्षा जास्त फरक नको. हे दोन शतांश म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्या कमीजास्तीचा निवाडा वीस वर्षांची मी करायची. पसंत पडलेला पीस हिरव्या डब्यात, नापसंत लाल डब्यात. ज्याचे पीस लाल डब्यात जात तो माझ्याशी बोलायचा बंद होई, आणि हळूहळू सगळेच बंद झाले. जेवणाच्या सुट्टीत कामगार लिंबाच्या झाडाखाली गोल करून बसत. मी एकदा डबा घेऊन गेले, तर चालू असलेली बोलणी थांबली. कुणी काही म्हणालं नाही, सरकून जागाही दिली. पण मी दुसऱ्या दिवसापासून माझ्या काळ्या खोलीतच जेवू लागले.

एकच माणूस रोज दाराशी थांबून विचारायचा, "जेवली का, वनिताबाई?" ते देवमनभाऊ. पन्नाशीचे, पातूरहून रोज एसटीने येणारे, तिसऱ्या लेथवर काम करायचे. लांब भोकाची नोझलं फक्त त्यांच्याच लेथवर होत, कारण एवढं बारीक आणि एवढं लांब भोक सरळ पाडणं दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हतं. त्यांनीच मला एक छोटा लोखंडी ठोकळा करून दिला होता, नोझल पाटावर ताठ उभं राहावं म्हणून. काही नोझलं चपटी असत, ती तशीच काचेवर पडून राहत. लांब नोझलाला मात्र ठोकळा लागे.

आता इथे जे घडलं ते मी आधीच सांगून टाकते, कारण तेव्हा मी ते कुणालाच सांगितलं नाही. एकदा तो ठोकळा माझ्या हातून फरशीवर पडला. उचलून पाटावर ठेवला तर किंचित डगमगत होता. एका कोपऱ्याला ठोका बसून पितळेच्या कणाएवढा उंचवटा आला होता. बाहेर जाऊन देवमनभाऊंना म्हणायचं होतं, भाऊ, हा पडला, जरा घासून द्या. पण बाहेर जायचं म्हणजे सगळ्या मशिनींमधून चालत जायचं, सगळ्यांच्या नजरा, आणि वर पाडल्याचं कबूल करायचं. मी पर्समधून टिकल्यांच्या रिकाम्या पाकिटाचा पुठ्ठा काढला, दुमडला आणि ठोकळ्याच्या एका बाजूखाली सरकवला. डगमगणं थांबलं. मी कामाला लागले आणि विसरले.

त्यानंतर देवमनभाऊंचे पीस लहान येऊ लागले. दीडच्या जागी एक सत्तेचाळीस. सगळेच. मी एक दिवस थांबले, दोन दिवस थांबले, मग लाल डब्यात टाकू लागले. त्यांनी आधी रीमर बदलला, म्हणजे भोक शेवटी नेमकं करायचं हत्यार. मग मशीन तपासलं. तरी तेच. चाळीस पीस एका दिवसात नापसंत झाले त्या दुपारी ते माझ्या खोलीत आले आणि मागोमाग शेठ. देवमनभाऊंच्या हातात दोन पिना होत्या. एक भोकात गेली पाहिजे, दुसरी गेली नाही पाहिजे, अशी त्यांची जुनी परीक्षा.

"हे पाहा शेठ, हे जाते. आन हे नाही जात. आता अजून काय पाह्यजे?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "पिन घासली असेल. उजेड घासत नाही."

हे वाक्य मला आयटीआयच्या सरांनी शिकवलं होतं आणि मला ते फार आवडे. देवमनभाऊ पडद्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, आडवं मोजून राहिली तू. एकदा उभं मोजून पाहा ना. गोल भोक हाय, दोनी बाजूनं सारखंच भरलं पाह्यजे."

एवढंच करायचं होतं. उभ्या मापाचं दुसरं चाक फिरवायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. पण शेठ उभे होते, मी वीस वर्षांची होते, आणि मला कुणी काम शिकवतंय असं शेठना दिसायला नको होतं. मी म्हणाले, "त्याची गरज नाही."

"झालं देवमन," शेठ म्हणाले, "एवढी महागाची मशीन खोटं बोलंन का?"

देवमनभाऊ बाहेर गेले. मी दाराच्या फटीतून बघितलं. त्यांनी लेथ बंद केला, चिंध्यांनी शांतपणे पुसला, हत्यारं खणात ओळीने लावली, पिना टेबलावर ठेवल्या आणि गेट ओलांडून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्या दाराशी थांबणारं आता कुणी उरलं नाही. त्यानंतरचे चार महिने मी कसे काढले ते आठवलं तर आजही त्या खोलीचा वास येतो, तापलेल्या दिव्याचा आणि माझ्याच डब्यातल्या ठेच्याचा. कधी कधी दिवसभरात माझ्या तोंडून आकड्यांशिवाय दुसरा शब्द निघत नसे. घरी जाताना भाजीवालीशी मी उगाच घासाघीस करायची, काही घ्यायचं नसताना.

त्यांच्या लेथवर नवा मिस्त्री आला. त्याचेही पीस लहान आले. पण तो भांडणारा नव्हता. मी म्हणाले लहान आहे, तर त्याने भोक मोठं करून आणलं, माझ्या पडद्यावर बरोबर दीड येईपर्यंत. सगळा माल हिरव्या डब्यात गेला, आणि काही दिवसांनी पंपाच्या कंपनीकडून तो सगळाच्या सगळा परत आला. भोकं मोठी आहेत, थेंब जाड पडतात. शेठ त्या नव्या मिस्त्र्यावर असे ओरडले की प्रेसची मशीन बंद करून लोक ऐकत उभे राहिले. तो बिचारा एकच म्हणत होता, "बाईनं पास केले, शेठ. बाईनंच पास केले."

मी दार लावून घेतलं आणि परत आलेला एक पीस पाटावर ठेवला. आडवं मोजलं, दीड. मग देवमनभाऊंचं बोलणं आठवलं आणि दुसरं चाक फिरवलं. उभं मोजलं, एक त्रेपन्न. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. गोल भोक गोल नव्हतं. मी ठोकळा उचलला आणि खाली तो पुठ्ठा दिसला. त्याला मरून रंगाच्या दोन टिकल्या अजून चिकटलेल्या होत्या.

ठोकळा त्या पुठ्ठ्याने किंचित कलला होता. चपट्या नोझलांना ठोकळाच लागत नव्हता, म्हणून त्यांची मापं ठीक येत. पण लांब भोक जरासं जरी कललं तरी त्याची वरची कड आणि खालची कड एकमेकींच्या आड येतात आणि मधला उजेड अरुंद दिसतो. मशीन खोटं बोलत नव्हतं. कललेल्या भोकाचं माप ते अगदी खरं सांगत होतं. देवमनभाऊंचे पीस बरोबर होते आणि नव्या मिस्त्र्याला मीच चुकीची वाट दाखवली होती. आताच्या कारखान्यांत कॅमेरे असतात, पीस ठेवला की डोळ्याची पापणी लवायच्या आत चहूबाजूंनी मोजतात आणि पीस कललेला असेल तर लाल दिवा लावतात. मी अशा मशिनींवर शेवटची दहा वर्षं काम केलं. छान आहेत. पण नव्या पोरींना मी अजून पहिलं काय सांगते, तर पीस ठेवलाय त्याच्या खाली काय आहे ते आधी बघा.

तो पुठ्ठा मी चुरगाळून पर्समध्ये टाकला असता तर जगात कुणाला कळलं नसतं. हे मी त्या खुर्चीवर बसून बराच वेळ मनात घोळवलं, हे कबूल करते. मग उठले, लाल डब्याच्या मागच्या फळीवरून देवमनभाऊंचे चाळीस पीस काढले. त्यांच्या नावाची चिठ्ठी अजून तशीच होती. ठोकळ्याचा कोपरा बारीक पॉलिश पेपरने घासला. आणि एकेक पीस आडवा, उभा, असा दोनदा मोजून वहीच्या पानावर लिहीत गेले. संध्याकाळ झाली तेव्हा चाळीसच्या चाळीस पसंत होते.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट बघितला. ओरडले नाहीत, ते मला जास्त लागलं. म्हणाले, "हे कंपनीले कळलं तं आपल्या मापाच्या एकाबी कागदावर कोन भरोसा ठेवीन? रीमर खराब होता म्हनून सांगतो मी. त्या नव्या पोराले कामावर ठेवतो. तू गप राहा."

"आणि देवमनभाऊ?"

"त्यानं माह्या तोंडावर मशीन बंद केली. मी काहून बलावू त्याले?"

"मग मी जाऊन सांगते."

"जा. तुह्या पायानं जा. माहं नाव नको घेऊ."

पुढचं थोडक्यात सांगते. जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली जाऊन मी सगळ्यांना उभ्याने सांगितलं. एकजण म्हणाला, "बरं झालं, बोलली," आणि सगळे पुन्हा जेवू लागले. मी तिथे आणखी दोन वर्षं होते आणि काळ्या खोलीतच जेवत होते. शेठनी देवमनभाऊंना बोलावलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी एसटीने पातूरला गेले. विचारत विचारत त्यांचं घर सापडलं. अंगणात ते आणि त्यांची बायको मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. भावाच्या वावरातली भाजी होती, दुसऱ्या दिवशी बाजाराला जायची. मला बघून ते म्हणाले, "कोन? सिनेमावाली बाई?" आणि गोणपाट सरकवलं. मी बसले आणि हात आपोआप मेथीकडे गेले. फुलांच्या घरची मी, असं काम समोर असताना रिकाम्या हाताने बसणं जमेना. जुड्या बांधता बांधताच मी सांगितलं. ठोकळा पडला तिथपासून पुठ्ठ्यापर्यंत.

देवमनभाऊ बांधतच राहिले. त्यांच्या बायकोचे हात मात्र थांबले.

"एका टिकलीच्या पाकिटापायी?" ती म्हणाली. "बाई, चार महिने झाले, हे घरात धड बोलले नाही. लोक पुसत, काम काहून सोडलं, तं म्हनत, भोकं लहान पडत होते. लोक हासत, बाई."

"गप बस वो," देवमनभाऊ म्हणाले. मग मला विचारलं, "पडला तवा माह्याकडं काहून नाही आली?"

"मले भेव लागलं, भाऊ."

"माह्यं?"

"सगळ्यायचंच."

त्यांनी हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली. "दोन मिनिटाचं काम होतं वो बाई. घासून देल्लं असतं."

मला रडू येत होतं, पण त्यांच्या बायकोसमोर रडायचा मला हक्क नव्हता, म्हणून मी मेथीच्या मुळांची माती झटकत राहिले. जरा वेळाने मी म्हणाले, "भाऊ, परत येता का?"

"शेठनं बलावलं?"

"नाही."

"मंग."

बायकोने चहा केला. माझ्या बाजूला तिने बशी जरा जोरात ठेवली, पण चहात आलं किसून घातलं होतं. निघताना मी त्या चाळीस पिसांच्या मापांचं वहीचं पान त्यांना दिलं. त्यांनी ते न बघता खिशात ठेवलं आणि माझ्याबरोबर स्टॅंडपर्यंत चालत आले. अकोल्याची गाडी लागलेली होती, सुटायला वेळ होता. आम्ही शेडखाली उभे राहिलो. तेव्हा त्यांनी खिशातलं पान काढलं, पण उघडलं नाही.

"यातला एक पीस जरा लहान भरला असंन," ते म्हणाले.

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"कितवा, ते नाही सांगता येत. पन एक असंन. रीमरची धार गेली होती, मले आवाजावरूनच वळखू आलं आन मी त्या दिवशी पुन्हा बदलवला. त्याच्या आधीचा एक."

मी पान उघडून बोट ठेवलं. "हा पाहा. सत्ताविसावा."

"कितीनं?"

"दीड शतांशानं."

"चालते ना पन?"

"चालते, भाऊ. हद्दीत हाय."

"मले वाटलंच होतं," ते म्हणाले. कंडक्टरने घंटी वाजवली, मी धावत चढले आणि खिडकीशी जागा धरली. हात वर केला. त्यांचं लक्ष नव्हतं. शेडच्या खांबाला टेकून, ते पान डोळ्यांपासून लांब धरून, देवमनभाऊ पहिल्या आकड्यापासून एकेक ओळ वाचत होते, आणि गाडी वळेपर्यंत त्यांचे ओठ हलताना मला दिसत राहिले.